दोन नेम

“हा कर,” लेक म्हणाली.

आईनं पिशवी खाली न ठेवताच दारात तोंड उघडलं. लेकीनं नाक पुढे केलं, मान हलवली, तेव्हा कुठे चपला काढायची मुभा मिळाली. जावयाची अटच होती तशी. दारूचा नुसता वास आला, तरी सासूबाईंनी आपली सोय दुसरीकडे बघायची.

“तुरुंगात बरं होतं बाई,” आई हसून म्हणाली. “तिथं नुसती हजेरी घ्यायचे.”

लेक हसली नाही. गालात लवंग धरून भांडी विसळायला लागली.

“दाढ अजून ठणकते का गं?”

“ठणकते मधूनमधून.”

“माझ्याकडे बघून बोल की.”

“कामं पडलीत, आई.”

सुटून आल्यावर सख्ख्या भावानंही फोन उचलला नव्हता. शिवणाच्या दुकानातली मालकीण काजं-बटणं करायला द्यायची, पण गल्ल्याच्या बाजूला फिरकू द्यायची नाही. जिचं सगळं बालपण आईनं बाटलीत बुडवलं, त्या लेकीनंच तिला खोली दिली. म्हणून आई रोज पहाटे हात जोडून दोनच नेम बोलायची. आज घोट नाही. आज खोटं नाही.

आणि रविवारी जावयाला पिठाच्या डब्यामागे बाटली सापडली. अर्धी रिकामी.

त्यानं ती आपटली नाही, अलगद टेबलावर ठेवली. तेच जास्त लागलं.

“मी भांडत नाही, आई. फक्त खरं काय ते सांगा.”

लेक चौकटीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

आईनं बाटलीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“माझीच आहे,” ती म्हणाली.

“मग आपलं ठरलंय ते...”

“ठरलंय ना. निघते मी.”

इतके दिवस जिवापाड जपलेला नेम मोडला होता. तिनं पिशवीत लुगडी कोंबली. कुठे जायचं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

लेक फाटकापर्यंत आली.

आईनं तिला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी वाकून हलकेच म्हणाली, “लवंगेनं वास जात नाही गं, बाळा. मीही खूप चावल्यात.”