चातुर्मासातले अजिंक्यवीर

आमचा तलवारबाजीचा क्लब मंगल कार्यालयात भरतो, तोही लग्नाचा मुहूर्त नसेल त्या दिवशी. त्यामुळे चातुर्मासात आम्ही अजिंक्य असतो आणि मे महिन्यात सगळं विसरतो.

यंदा सभासद उरले चार. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहा झाले नाहीत, तर जिल्हा संघ मान्यता काढणार होता. आम्ही आशा सोडून क्लबचं सामान उचलायला गेलो, तर कार्यालयात लग्न आणि वऱ्हाड घाटात अडकलेलं.

"सर, तोवर काहीतरी करून दाखवा," नवरीचे वडील आमच्या पानसे सरांना म्हणाले. आम्ही जाळीचे मुखवटे चढवून स्टेजवर लढलो. नवरीच्या पाच आत्यांनी तिथेच नावं दिली.

नवरदेव पोचला, तेव्हा नवरी मुखवटा घालून सरांसमोर उभी होती.

"अगं, भटजी खोळंबलेत," तो म्हणाला.

"बसा जरा," ती म्हणाली. "दहावं नाव माझं आहे. आणि मी जिंकतेय."