घराचा पत्ता

अमेरिकेतल्या मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवायला कृष्णवर्णीय लुविनिया पाचव्यांदा कचेरीत आली. दरवेळी गोरा कारकून तिला राज्यघटनेतलं कलम वाचायला लावायचा आणि नापास करायचा. ती स्वतः शाळेत शिकवायची, तरीही.

आज मात्र तो हसला. "मावशे, राहतेस कुठं?"

"कापसाच्या गिरणीमागं, साहेब."

"ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं?"

"पलीकडं. शेवटचं घर."

"घरात पुरुषमाणसं किती?"

"नवरा एकटाच."

त्यानं सगळं नीट लिहून घेतलं.

बाहेर तिचा नवरा एल्मो गाडीत थांबला होता. "काय गं, आज काय वाचायला लावलं?"

"काहीच नाही! घराची चौकशी केली आणि नाव घातलं यादीत."

एल्मोनं गाडी पोरांच्या शाळेकडे वळवली.

"पोरांना घेऊ आणि तसंच तुझ्या बहिणीकडे जाऊ. तो पत्ता रात्री घरं जाळणाऱ्यांच्या हाती जाईल. घरी जायचं नाही आता."