बॉम्बरचं दार

आर्वीत हेमराजच्या किराणा दुकानात मागच्या भिंतीला बॉम्बर विमानाचं दार चौकटीसकट ठोकलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांनी ते भंगारातून आणलं होतं. पलीकडून टकटक झाली की गिऱ्हाइकाला थोपवावं तसं "आलो जी!" म्हणत वडील तूरडाळ मोजत राहायचे. पुढे हेमराजही तेच करू लागला.

अठ्ठ्याण्णव साली जुनी विमानं दुरुस्त करणारे एक साहेब दार न्यायला आले. ते उतरवून दुकानात उभं केलं. मागे भिंतीत नुसत्या विटा होत्या.

दारावर टकटक झाली.

साहेब दचकले. "शेठजी, इतक्या वर्षांत कोणी उघडून पाहिलं नाही?"

"गिऱ्हाइकी राह्यते न जी..." शरमेने हेमराजची मान खाली गेली.

पुन्हा टकटक झाली. "आलो जी," तो सवयीने पुटपुटला.

"आलो जी," ऐकून ऐकून पाठ झाल्यासारखं आतून कोणीतरी म्हणालं, आणि दाराची मूठ फिरली.