सरदाराची हद्द

"पुन्हा हाकललं मला!" नंदलालने मशीनच्या टाइपरायटरवर उमटलेली ओळ टर्रकन फाडली. सकाळपासून त्याचा प्रोग्राम असाच मध्येच बंद पडत होता आणि कारण दर वेळी तेच उमटत होतं: मनाई असलेल्या जागेत पाऊल. आता कुठल्या जागेत, ते तरी सांगशील? सांगायचं नाव नको. नुसतं हाकलायचं!

पोर्ट लुईच्या त्या कचेरीत हे मशीन नवं होतं. बेटाचं स्वातंत्र्यही नवंच होतं, वर्षभराचं. मशीनच्या मेमरीत घरं होती, ओळीने नंबर घातलेली. त्यातली पहिली तीनशे घरं सगळं मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची. इंग्रजी पुस्तकात त्याला सुपरव्हायजर म्हटलं होतं. कचेरीतली माणसं सरळ सरदार म्हणत, उसाच्या मळ्यात मजुरांच्या डोक्यावर बसवलेला असतो तो. टेप वाचणं, कागद छापणं, सगळं सरदाराच्या हातात. बाकीच्यांनी तीनशेच्या पुढे राहायचं, काही हवं असलं तर त्याच्याकडे मागायचं आणि त्याच्या घरात पाय ठेवायचा नाही. ठेवलाच, तर मशीन कान धरून बाहेर काढी.

नंदलालला हे पहिल्या दिवसापासून सलत होतं. बापाने लॉंग माउंटनच्या उसात जन्मभर सरदाराच्या शिव्या खाल्ल्या. पोरगा लंडनला जाऊन मशीन शिकून आला, तर इथेही सरदार! आणि आज तर त्याने हद्द केली होती, कारण नंदलालची काही चूकच नव्हती. कागदावरचा प्रोग्राम तपासून तपासून त्याचे डोळे दुखायला लागले होते. सगळं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत बेटावरच्या सहावीच्या मुलांचे निकाल छापून निघाले नाहीत, तर काम लंडनला जाणार होतं आणि नंदलालच्या खुर्चीत तिकडचा माणूस येणार होता.

"दादा, तुमी जरा च्या तरी घ्या," दारातून कुंती म्हणाली. प्रोग्रामच्या कार्डांना भोकं पाडायचं काम तिचं. नोकरीचा पहिलाच महिना, तोही परीक्षेचा.

"'तुम्ही' म्हण. आणि 'चहा' म्हण," तो खेकसला. देवळातला मराठीचा वर्ग तो चालवायचा आणि गावाकडचं मराठी ऐकलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. कुंतीने कप टेबलावर ठेवला आणि तिथलीच कार्डं लावायला लागली.

कचेरीचे प्रमुख हरिलाल, सगळ्यांचे 'मस्ये' म्हणजे साहेब, आले तेव्हा नंदलालचा संयम पार सुटला होता. "किल्ली द्या मस्ये हरिलाल. सरदाराची रखवाली बंद करतो. या मशीनलाच अक्कल नाही!"

ती किल्ली मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठी होती. फिरवली की मेमरीतल्या भिंती पडत, कोणीही कुठेही लिहावं.

"आयो, डोकं फिरलंय का तुझं?" हरिलाल म्हणाले. "ती मनाई उगीच असते?"

"माझ्या बाबतीत उगीच आहे! मुलांचे गुण मी चार वीसवर ठेवतोय. त्याची हद्द तीनशेला संपते. त्याच्या शंभरावर घरं पुढे आहे मी, तरी हाकलतो! आपल्याच देशात, आपल्याच मशीनमध्ये आपणच चोर?"

हरिलालनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "घे. मशीन बसलं तर तुझी खुर्चीही बसली, हे लक्षात ठेव."

नंदलालने किल्ली भोकात घातली.

"दादा," कुंती चाचरत म्हणाली, "शंभर घरं पुढं कशी? चार वीस तर ऐंशी ना?"

"काय?"

"काल तुमी खिडकीतून ओरडलात की, 'त्या कार्डावर चार वीस घाल.' मी ऐंशी घातले. आमची आजी कोंबड्या अशाच मोजते, एक वीस, दोन वीस, तीन वीस. चार वीस म्हणजे ऐंशी. आपल्या क्रियोलमंदी पण तेच की, कात्रोव्हँ!"

नंदलालने किल्लीवरचा हात काढला; त्याला म्हणायचं होतं चारशे वीस, इंग्रजीतल्या 'फोर ट्वेंटी'सारखं. ऐंशी म्हणजे सरदाराच्या घराचा मधला खांब. टेप कशी वाचायची, ते तिथेच लिहिलेलं होतं. किल्ली फिरली असती, तर पहिल्या पोराचे गुण नेमके त्यावर जाऊन बसले असते, सरदार भ्रमिष्ट झाला असता आणि टेपवरच्या हजारो पोरांच्या गुणांची माती झाली असती. सकाळपासून त्या हाकलणाऱ्यानेच सगळं वाचवून धरलं होतं, आणि हा त्याला शिव्या घालत बसला होता. किल्ली काढून त्याने हरिलालच्या हातात दिली.

कुंतीने नवं कार्ड पाडलं. या वेळी प्रोग्राम थांबला नाही. खडखडत निकाल छापून बाहेर यायला लागले.

"वरच्या साहेबांना उशिराचं कारण सांगावं लागेल," हरिलाल म्हणाले. "चूक कोणाची सांगू? कार्ड पाडणारीची? तुझी म्हणून सांगितली, तर लंडनच्या माणसाचं पुन्हा निघेल बघ."

कुंतीचं तोंड उतरलं. परीक्षेच्या महिन्यात चुकीचं कार्ड पाडलं, की दुसऱ्या दिवशी घरी, हे तिलाही ठाऊक होतं.

"माझी सांगा," नंदलाल म्हणाला. "ती मराठीच ऐकत होती, मस्ये. मराठीत इंग्रजी मी बोलत होतो."