अट उठली त्या दिवशी

दीक्षाच्या बाळंतपणासाठी परदेशात, क्रेगीबर्नला आलेली आई लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकली आणि घरासमोरच्या ओस रस्त्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सायकल शिकली. मग रोज सकाळी तासभर तिची फेरी ठरलेली. "पाच किलोमीटरच्या आतच हं आई, पोलीस अडवतील," दीक्षा रोज बजावायची.

नोव्हेंबरात अंतराची अट उठली. त्या दिवशी सकाळी सातला निघालेली आई अकरा वाजले तरी परतली नाही. फोनही घरीच राहिलेला. दीक्षा बाळाला घेऊन कार काढणार, तेवढ्यात आई दारात आली. चेहरा उन्हाने लाल, हेल्मेट अजून डोक्यावरच.

"कुठे होतीस? किती लांब गेलीस?"

"मोजलंच नाही. घरं संपली आणि मग नुसतं गवतच गवत. त्यात पन्नास-साठ कांगारू. मी थांबले, तर सगळे माना वर करून माझ्याकडे बघत राहिले."

"भीती नाही वाटली?"

आईने हेल्मेट काढून हातात धरलं.

"इकडे येताना विमानातसुद्धा जावई सोबत होते गं. आयुष्यात मी एकटी कधी कुठे गेलेच नव्हते. रस्ता एवढा लांब असतो?"