एका पायाचा बूट

"सोबतीला म्हणून तू हा लॅब्राडॉर आणून दिलास खरा, पण याचं काही कळत नाही बाई! सारखा माझ्या पायाला टेकून बसतो. बाहेर निघाले की चप्पल पळवतो."

सुट्टीला आलेली लेक हसली. "जीव लावलाय गं त्याने तुला. मुकं जनावर ते. 'जाऊ नकोस' म्हणता येत नाही, म्हणून चप्पल पळवतं."

"असं होय!" आई म्हणाली आणि मुकाट्याने लेकीची बॅग भरू लागली.

टॅक्सी दाराशी येऊन थांबली, तरी लेकीचा एक बूट सापडेना. "चोर कुठला!" म्हणत तिने कुत्र्याला चांगलंच झापलं. तो बिचारा शेपटी हलवत राहिला.



शेवटी बूट सापडला. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आईच्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळून ठेवलेला.