बाबांचा कान

तेल बदलल्यापासून गाडीच्या इंजिनात खडखड सुरू झाली. वॉरंटीवरून वर्कशॉपच्या मॅनेजरशी हुज्जत घालून तो मेटाकुटीला आला. "आवाज आहे हो, पण आमच्या कामामुळे नाही, वॉरंटीत बसत नाही," मॅनेजरचं एकच पालुपद. शेवटी त्यानं वडिलांनाच आणलं. जन्मभर गॅरेज चालवलेले बाबा इंजिनाचं दुखणं नुसत्या कानानं ओळखायचे. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. खडखड अख्ख्या वर्कशॉपला ऐकू येत होती. "कसला आवाज?" बाबा म्हणाले. "इंजिन ठणठणीत आहे. भल्या माणसाला उगाच छळलंस!" मॅनेजरनं चपापून मुलाकडे पाहिलं. मुलानं बॉनेट लावलं. "बाबा म्हणाले, विषय संपला." परतताना बाबा खुशीत होते. "बघ, कशी गुपचूप चाललीये!" "हो, बाबा," तो म्हणाला. बाबा उत्तराची वाट पाहत राहिले.